बॅटवरचं नाव आणि पन्नीतला खर्रा

मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, चामोर्शी. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही गावाच्या चौकात उभं राहा, पानठेला दिसतोच. ठेलेवाला पन्नीच्या चौकोनी तुकड्यावर सुपारीची कात्रणं टाकतो, त्यावर सुगंधित तंबाखू, बोटाने काढलेला चुना आणि पाण्याचे दोन थेंब. पन्नी दुमडून ती फळीवर ठेवतो आणि तळहाताने जोर लावून घोटायला लागतो. सुपारी ओली होऊन तपकिरी पडली, तंबाखू तिच्या अंगाला चिकटली, चुन्याचा पांढरेपणा दिसेनासा झाला, की खर्रा तयार. पन्नीला गाठ मारून तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो.

त्या पन्नीवर कुठलंही नाव नसतं, कसला इशाराही नसतो. तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापलेला असावा, हा नियम भारतात २०१६ पासून लागू आहे. सडलेल्या गालाचं ते चित्र पाहून कुणी तरी हात आखडता घेईल, अशी त्यामागची अपेक्षा. पण खर्ऱ्याला पाकीटच नाही, त्यामुळे चित्र छापायला जागाही नाही. रोवणीला निघालेल्या बाईच्या पदराच्या गाठीत, तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या माणसाच्या खिशात, कॉलेजच्या पोरांच्या दुचाकीच्या डिक्कीत तो सारखाच जाऊन बसतो.

प्रौढांमधल्या तंबाखूसेवनाची देशव्यापी पाहणी २०१६-१७ मध्ये झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात आणि त्यातला फार मोठा वाटा धूर न काढता चघळायच्या तंबाखूचा आहे. आधीच्या पाहणीत हाच आकडा ३१.४ टक्के होता. म्हणजे राज्यात घट झाली, आणि ती मोलाची आहे. पण पूर्व विदर्भाचं दुखणं तंबाखूइतकंच सुपारीचंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला माणसात कॅन्सर निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा. सुपारीमुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू ताठ होत जातं, तिखट लागलं की आग होते, मग तोंड उघडणं कमी कमी होत जातं. दंतवैद्य अशा रुग्णाला तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतात. दोनच बोटं जात असतील तर काळजीचं कारण असतं. एकच जात असेल तर भाकरीचा घास घेणंही कठीण झालेलं असतं. अशा तोंडात पुढे कॅन्सर होण्याचा धोका बराच वाढतो.

या साऱ्यात खेळाडूंचा संबंध कुठे येतो? खर्ऱ्याची जाहिरात कुणी करत नाही, त्याला जाहिरातीची गरजही नाही. पण चघळण्याला, थुंकण्याला आणि झुरका मारण्याला या देशात जी प्रतिष्ठा मिळाली, ती देण्यात खेळाच्या मैदानाचा हात मोठा आहे.

१९९६ चा क्रिकेट विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत खेळला गेला. त्याचं अधिकृत नावच विल्स वर्ल्ड कप होतं. विल्स हा आयटीसी कंपनीचा सिगारेटचा ब्रँड. स्पर्धेतला ऑस्ट्रेलिया-झिम्बाब्वे सामना १ मार्चला आपल्या नागपुरात झाला. चंद्रपूर-गडचिरोलीची पोरं एसटीने जाऊन पाहू शकतील इतक्या जवळ. देशांतर्गत विल्स ट्रॉफी तर सत्तरच्या दशकापासून सुरू होती, आणि नव्वदच्या दशकात भारतीय संघाचे प्रायोजकही विल्सच होते. घरोघरी नवा रंगीत टीव्ही आलेला होता. सचिन, अझर, कुंबळे, श्रीनाथ यांच्या छातीवर सिगारेटचं नाव आहे, हे कुणाला खटकतही नव्हतं.

हे खटकलं गोव्यातल्या एका कर्करोग शल्यविशारदाला. डॉ. शरद वैद्य यांनी गोवा कॅन्सर सोसायटीच्या माध्यमातून तंबाखूविरुद्ध वर्षानुवर्षं काम केलं. न्यूझीलंडचा संघ १९९५ मध्ये भारतात आला, त्या मालिकेचे प्रायोजक विल्स होते. मालिकेनंतर वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या शाळकरी मुलांना प्रश्न विचारले. ज्यांनी सामने पाहिले होते, त्यांच्यात तंबाखू चाखून पाहिलेल्यांचं प्रमाण अधिक आढळलं. सिगारेट वाईट असते हे या मुलांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही त्यांच्यावर परिणाम झाला होता. हा अभ्यास १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणं यांना बंदी घालणारा कायदा केला. त्याच्यामागेही वैद्य यांचीच चिकाटी होती. मराठी वाचकाला हे नाव फारसं ठाऊक नाही, ते ठाऊक व्हायला हवं. प्रायोजकत्व म्हणजे खेळाला मदत आणि जाहिरात म्हणजे विक्री, असा फरक कंपन्या सांगत होत्या. गोव्याच्या वर्गांमध्ये तो फरक टिकला नाही.

त्याच १९९६ मध्ये सचिन तेंडुलकरने विश्वचषकात सर्वाधिक ५२३ धावा केल्या, आणि त्याच्या बॅटवर कुठलंही स्टिकर नव्हतं. त्या काळात विल्स आणि फोर स्क्वेअर या दोन सिगारेट ब्रँडची नावं संघातल्या खेळाडूंच्या बॅटवर सर्रास असत. सचिनने हे पुढे स्वतः सांगितलं आहे. वडिलांनी, प्राध्यापक रमेश तेंडुलकरांनी, त्याला बजावलं होतं की लोक तुला आदर्श मानतात, तू करशील ते ते करतील, तेव्हा तंबाखू आणि दारूची जाहिरात कधी करू नकोस. कोरे धनादेश पुढे आले तरी त्याने शब्द मोडला नाही.

या गोष्टीतली एक अडचणीची बाजूही सांगितली पाहिजे. बॅट खेळाडूची स्वतःची, तिच्यावर काय लावायचं हे तो ठरवू शकत होता. सदरा मात्र क्रिकेट मंडळाचा. बॅट कोरी ठेवणाऱ्या सचिनलाही संघाचा विल्सचा सदरा घालावाच लागला. एकट्या खेळाडूचा नकार कितीही मोठा असला तरी तो जिथे संस्थेचा करार सुरू होतो तिथे थांबतो. म्हणून कायदा लागतो. आयटीसीने २००१ मध्ये क्रिकेटचं प्रायोजकत्व सोडलं, तेव्हा कायदा येऊ घातलेला होता. २००३ मध्ये सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा संमत झाला आणि १ मे २००४ पासून तंबाखूची जाहिरात व तंबाखू ब्रँडचं प्रायोजकत्व दोन्ही बंद झालं.

बंद दारातून आत शिरायची वाट कंपन्यांनी लवकरच शोधली. गुटखा आणि तंबाखू यांची जाहिरात करता येत नाही, तर त्याच नावाची वेलची, त्याच नावाचं पाणी, त्याच नावाचं माउथ फ्रेशनर बाजारात आणायचं. नाव तेच, अक्षरांचं वळण तेच, पुडीचा रंगही तोच. वेलचीची पुडी विकून जेवढे पैसे येतील, त्यांच्या हिशेबात न बसणारा खर्च जाहिरातीवर करायचा. २०२३ च्या सुमारास आयपीएलच्या षटकांमधून पानमसाल्याच्या एका प्रसिद्ध ब्रँडच्या चांदीचा वर्ख लावलेल्या वेलचीची जाहिरात सारखी दिसायची. तिच्यात सुनील गावसकर आणि वीरेंद्र सेहवाग होते. गौतम गंभीरने त्या वर्षी अशा जाहिरातींवर उघडपणे कडक शब्दांत टीका केली. त्याआधी २०२२ मध्ये अक्षय कुमारने चाहत्यांच्या नाराजीनंतर अशाच एका ब्रँडशी असलेला करार सोडला होता. गावसकरांवर दोन पिढ्यांच्या मराठी माणसांनी जीव टाकला आहे. वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर बिनहेल्मेट उभा राहणारा हा माणूस आमच्यासाठी धैर्याचा अर्थ होता. म्हणूनच त्यांना त्या जाहिरातीत पाहणं फार जड गेलं, आणि हे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

महाराष्ट्रापुरता हा प्रकार आणखी विचित्र आहे. आपल्या राज्यात गुटखा आणि पानमसाला यांच्या विक्रीवर २०१२ पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तिच्यात आली. म्हणजे चौकातला खर्रा कायद्याने विकताच येत नाही. ज्या मालाची विक्री गडचिरोलीत गुन्हा आहे, त्याच नावाची जाहिरात गडचिरोलीतल्याच घरात, क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये, देशातल्या लाडक्या चेहऱ्यांसह दिसते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी आडवाटेच्या जाहिराती स्पष्टपणे निषिद्ध ठरवल्या. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू आणि मद्याच्या जाहिराती, आडून केलेल्यासुद्धा, थांबवायला सांगितलं. कागदावर सगळं आहे. अंमलबजावणीची इच्छा मात्र सरकार, मंडळ आणि वाहिन्या या तिघांकडे एकाच वेळी असावी लागते.

आता नाण्याची दुसरी बाजू. कॅन्सर झालेला खेळाडू, आणि कॅन्सरसाठी पैसा गोळा करणारा खेळाडू.

युवराज सिंगने २०११ चा विश्वचषक जवळजवळ खांद्यावर वाहून आणला. ३६२ धावा, १५ बळी, मालिकावीर. त्या स्पर्धेत तो खोकत होता, धाप लागत होती. छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे, हे नंतर कळलं. २०१२ च्या सुरुवातीला अमेरिकेत इंडियानापोलिसला डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली त्याची केमोथेरपी झाली आणि सप्टेंबरात तो पुन्हा भारताकडून खेळला. त्याने 'यूवीकॅन' ही संस्था काढली, तपासणी शिबिरं घेतली. युवराजच्या आजाराने एक मोठं काम नक्कीच केलं: ज्या घरांमध्ये या रोगाचं नाव दबक्या आवाजातही घेतलं जात नव्हतं, तिथे ते जेवताना घेतलं जाऊ लागलं.

इंडियानापोलिसलाच, युवराजच्या सोळा वर्षं आधी, सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगवर उपचार झाले होते. त्याच्या संस्थेने २००४ मध्ये नायकी कंपनीबरोबर पिवळी रबरी पट्टी बाजारात आणली, किंमत एक डॉलर. जगभरात अशा सुमारे आठ कोटी पट्ट्या विकल्या गेल्या. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची उत्तेजक द्रव्यांची फसवणूक सिद्ध झाली, त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नायकीने त्याच्याशी करार तोडला आणि पुढच्या वर्षी संस्थेच्या नावाचे कपडे-बूट बनवणंही थांबवलं. संस्थेने रुग्णांसाठी केलेलं काम खोटं नव्हतं. पण ते एका माणसाच्या चेहऱ्यावर उभं होतं. तो चेहरा कलंकित झाल्यावर, ज्यांना मदत हवी होती ते रुग्ण काही पाप न करता त्यात भरडले गेले.

माझा आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. युवराज आणि आर्मस्ट्राँग या दोघांना झालेले कॅन्सर एकाच कुळातले, आणि त्या कुळावर १९७० च्या दशकात आइनहॉर्न यांनीच इतका प्रभावी औषधोपचार शोधला की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. त्या आजारामागे कुणाचा धंदा नव्हता. जाहिरातवाल्यांनी त्यातून जी गोष्ट रचली ती अशी की कॅन्सर हा शत्रू आहे, हिमतीने लढा, जिंकाल. ही गोष्ट धीर देते, हे मान्य. पण चामोर्शीच्या शेतमजुराच्या गालात जखम झाली तेव्हा त्याच्यात हिंमत कमी होती असं नाही. त्याच्या आजाराचं कारण चौकात थोडक्या रुपयांना मिळत होतं, आणि तो डॉक्टरपर्यंत पोचला तेव्हा गाठ मानेत उतरली होती. लढवय्याच्या गोष्टीत विकणारा कुठेच दिसत नाही. कंपन्यांना कॅन्सरसाठी पैसा द्यायला आवडतो त्याचं एक कारण हे आहे, असं मला वाटतं. अमेरिकेत २०१० मध्ये केएफसीने स्तनाच्या कॅन्सरच्या संस्थेसाठी गुलाबी डबे काढले आणि प्रत्येक डब्यामागे ५० सेंट दिले. तळलेली कोंबडी विकून कॅन्सरशी लढाई, यावर तिथल्याच कार्यकर्त्या स्त्रियांनी रान उठवलं.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. ग्लेन मॅक्ग्राची पत्नी जेन २००८ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेली. दोघांनी २००५ मध्येच संस्था काढली होती. २००९ पासून सिडनीची कसोटी दरवर्षी गुलाबी रंगात खेळली जाते आणि त्यातून जमणाऱ्या पैशातून, सरकारच्या जोडीने, परिचारिका नेमल्या जातात. गावाकडच्या रुग्णांजवळ बसणाऱ्या, शस्त्रक्रियेपासून पुढे सोबत करणाऱ्या. तिथे रंगाचं रूपांतर पगारी माणसात होतं. आपल्याकडे मिलिंद सोमणने २०१२ मध्ये मुंबईत पिंकाथॉन सुरू केली, हजारो बायका पहिल्यांदाच धावायला घराबाहेर पडल्या. शहरातल्या बाईसाठी हे मोठं आहे. भामरागडला मात्र यातलं काय पोचतं, हा प्रश्न उरतो.

पोचण्याचाच तर प्रश्न आहे. गडचिरोली नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, भामरागड तिथून आणखी जवळजवळ तितकंच. नागपुरात या भागातल्या रुग्णांचा जुना आधार म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय. चिमूरच्या रानात साधना केलेले तुकडोजी महाराज स्वतः १९६८ मध्ये कॅन्सरनेच गेले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागतो, पण सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी आणि महिनाभर नागपुरात राहायचा-खायचा खर्च कुठल्याच योजनेत पुरता बसत नाही. चंद्रपुरात कॅन्सर रुग्णालय उभारायला टाटा ट्रस्ट, राज्य सरकार आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान एकत्र आले. यातलं तिसरं नाव नीट वाचावं. खाणमालकाने सरकारला दिलेल्या स्वामित्वधनाच्या हिशेबाने १० ते ३० टक्के रक्कम याशिवाय जिल्ह्यासाठी द्यायची, हा २०१५ पासूनचा कायदा आहे. कोळसा इथला, धूळ इथल्यांनी गिळली, आणि त्या पैशातला वाटा इथल्या रुग्णालयाला आला. यासाठी कुणा ताऱ्याला धावावं लागलं नाही. हा हक्काचा पैसा आहे आणि त्यावर गावसभांनी, पंचायत समित्यांनी लक्ष ठेवलं पाहिजे.

तंबाखूने या मातीतली केवढी माणसं नेली त्याचं एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना त्यांनी गडचिरोलीचं पालकमंत्रिपद मागून घेतलं होतं, ज्या जिल्ह्याकडे इतर पाठ फिरवत होते त्या जिल्ह्याचं. ग्रामस्वच्छता आणि तंटामुक्ती या दोन मोहिमांनी त्यांनी गावागावांत घर केलं. तंबाखूची सवय त्यांना होती. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरने ते गेले, वय अवघं ५७. शरद पवारांवर २००४ मध्ये याच रोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि ते आपल्या सवयीबद्दल जाहीरपणे बोलत आले आहेत. माझ्या मते अशा एका प्रांजळ कबुलीचं मोल दहा फलकांपेक्षा जास्त आहे, कारण ती कारणाचं नाव घेते.

कारणाचं नाव घेऊन गडचिरोलीत काम झालं ते 'मुक्तिपथ'चं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. दारूबंदीसाठी जिल्ह्यातल्या लोकांनी चळवळ केली आणि १९९३ मध्ये ती मिळवली. २०१६ पासून सर्च, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी दारू आणि तंबाखू या दोन्हींसाठी जिल्हाभर मुक्तिपथ चालवलं. त्यात एकही चमकता चेहरा नव्हता. गावातल्या बाया होत्या, ग्रामसभेचे ठराव होते, दुकानदाराला समज देणं होतं, जप्त केलेल्या तंबाखूची होळी होती, तालुक्याच्या गावी व्यसन सोडवणारं उपचार केंद्र होतं. काही गावांनी खर्रा विकणं बंद केलं, काहींत तो पुन्हा चोरून सुरू झाला, बायांनी पुन्हा बंद करायला लावला. हे संथ काम आहे.

मग खेळाडूने करायचं काय? ३० मे २०२३ रोजी सचिन तेंडुलकर महाराष्ट्राच्या 'स्वच्छ मुख अभियाना'चा दूत झाला, तेव्हा वडिलांना दिलेल्या शब्दाची हकीकत त्याने पुन्हा सांगितली. त्याच वर्षी ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीवरून तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी त्याच्या घरासमोर आंदोलन केलं. एका ठिकाणी नकार दिला म्हणून माणूस सगळीकडे प्रश्नांच्या पलीकडे जात नाही, आणि लोकांनी प्रश्न विचारले हे चांगलंच झालं. तरीही माझा निवाडा सचिनच्या नकाराच्या बाजूने आहे. खेळाडूने देणगी दिली तर ती एका रुग्णालयाला मिळते. त्याने तंबाखूला, सुपारीला, त्यांच्या नावाच्या वेलचीला नाव द्यायला नकार दिला, तर त्याचा फायदा त्याला कधीही न भेटणाऱ्या पोरांना होतो. हा सचिन ताडोब्याला अनेकदा येतो, इथल्या गावांतल्या मुलांनी त्याला जवळून पाहिलं आहे. बॅटवरच्या त्या कोऱ्या जागेची गोष्ट या मुलांना शाळेत सांगितली गेली पाहिजे.

दिवाळीनंतर आपल्या गावांमध्ये टेनिस बॉलचे सामने, कबड्डीच्या स्पर्धा आणि शंकरपट सुरू होतात. आयोजकांना माझं सांगणं आहे: पानमसाल्याच्या नावाचा फलक मैदानावर लावू देऊ नका, त्याच्या पैशाचा चषक घेऊ नका, मैदानाच्या कडेला खर्ऱ्याचा ठेला लागू देऊ नका. बक्षीस समारंभाला पुढाऱ्याबरोबर एक दंतवैद्यही बोलवा, टॉर्च घेऊन. आणि वाचकहो, आज आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी घालून पाहा. बोटं जात नसतील, किंवा गालात-जिभेवर पांढरा वा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसत असेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. सोडायचं ठरवलं असेल तर सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत फोनसेवा आहे: १८००-११-२३५६.